आमच्या प्रेशर सेन्सरमागचे सरकारी संशोधन: ग्राहकांसाठी माहिती

"संरक्षण खात्याचे अनुदान मिळाले म्हणे, मग आता आमच्या ऑर्डरींचे काय?" गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न बऱ्याच ग्राहकांनी विचारला. साखर कारखान्यांच्या बॉयलरवर आणि चाकणच्या हायड्रॉलिक प्रेसवर आमचे सेन्सर आहेत. गाळप हंगामात एक दिवस बॉयलर थांबला तर काय होते हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून नीट उत्तर देतो.

तुमच्या ऑर्डरी पूर्वीसारख्याच वेळेवर निघतील. अनुदानातून चाललेले विमानाच्या प्रेशर सेन्सरच्या संशोधनाचे काम वेगळ्या टेबलावर आणि वेगळ्या माणसांकडे आहे, त्याचा हिशेबही वेगळा ठेवला जातो.

हे पैसे कुठून येतात?

संरक्षण मंत्रालयाची 'आयडेक्स' ही योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. ती चालवणारी संस्था एचएएल आणि बीईएल या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून उभी केली. सैन्यदले आपली नेमकी अडचण 'चॅलेंज' म्हणून जाहीर करतात आणि स्टार्टअप, लघुउद्योग, अगदी एकटा संशोधकसुद्धा त्यावर अर्ज करू शकतो. निवड झाल्यास दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पुढे 'प्राइम' गटात ही मर्यादा १० कोटी आणि २०२४ मध्ये आलेल्या 'अदिती' योजनेत २५ कोटी आहे. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेचा तंत्रज्ञान विकास निधी याहून वेगळा.

आमचे काम दीड कोटीच्या गटातले आहे. विकासाचा निम्मा खर्च आम्हीच घालायचा असतो आणि सरकारचा वाटाही कामाचा एकेक टप्पा पुरा होईल तसा मिळतो. त्यामुळे आयत्या पैशावर कंपनी चालली आहे, असा समज करून घेऊ नये.

अमेरिकेत लहान कंपन्यांसाठी अशी सोय १९८२ च्या कायद्याने झाली. संशोधनावर मोठा खर्च करणाऱ्या सरकारी खात्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा लहान कंपन्यांसाठी राखून ठेवावा, असे त्या कायद्याने बंधन घातले, नासाही त्यात आली. आपल्याकडे हे उशिरा झाले, पण झाले याचा आम्हाला मनापासून आनंद आहे.

विमानाचा सेन्सर आणि तुमचा सेन्सर

दोन्हींचे पोट एकच. दाबाने स्टीलचा पातळ पडदा किंचित वाकतो आणि त्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा, म्हणजे ताण मोजणाऱ्या पातळ पट्टीचा, विद्युतरोध बदलतो. ३५० ओहमच्या गेजमध्ये हा बदल भरपूर ताण आला तरी जेमतेम ०.७ ओहम असतो. एवढ्याशा बदलावरून दाब सांगायचा, तर तापमानाने होणारी चूक त्यात मिसळता कामा नये. ११ किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान सर्वसाधारणपणे उणे ५६.५ अंश सेल्सिअस धरतात. जमिनीवर बरोबर चालणारा सेन्सर तिथे खोटे बोलू शकतो.

आमचा खोटे बोलला. पहिल्या तुकडीचे सहा नग थंड चेंबरमध्ये ठेवले होते. उणे ४० ला दाब शून्य असताना त्यातल्या दोन नगांचे रीडिंग हळूहळू वर सरकू लागले आणि चेंबर पुन्हा खोलीच्या तापमानाला आणला तरी मूळ जागी येईना. आठवडाभर वायरिंग तपासण्यात गेला. शेवटी एक नग कापून भिंगाखाली धरला, तेव्हा गेजखालचा चिकट थर एका कडेला पुरता घट्ट झालेला नव्हता. हा थर घट्ट व्हावा म्हणून नग भट्टीत भाजतात. तो नग भट्टीच्या कोपऱ्यात होता आणि कोपऱ्यात उष्णता कमी पोचत होती.

नग कापून पाहण्याची ही मुभा आम्हाला अनुदानाने दिली. रोजच्या धंद्यात सहा चांगले नग मुद्दाम खराब करणे लहान कारखान्याला परवडत नाही. आता भट्टीच्या चारही कोपऱ्यांत तापमान मोजणारे थर्मोकपल आहेत आणि प्रत्येक नग दोनदा भाजला जातो. तुमच्या बॉयलरचा सेन्सरही त्याच भट्टीतून येतो.

खरेदी करताना

'एरोस्पेस ग्रेड' हे शब्द कोणीही कॅटलॉगवर छापू शकतो. अनुदान मिळाले म्हणजे माल प्रमाणित झाला, असेही नाही. लष्करी विमानावर बसणाऱ्या वस्तूला बंगळूरुच्या सेमिलॅक या सरकारी संस्थेची मान्यता लागते, आणि ती आमच्या नव्या सेन्सरला अजून मिळालेली नाही. आमच्यासकट कोणत्याही विक्रेत्याला विचारा: कोणती चाचणी केली, किती नगांवर केली आणि अहवाल दाखवता का? तुमच्या कामाला हे काही लागत नसेल तर साधा सेन्सरच घ्या, आम्हीही तोच सुचवू.

तुमची ड्रॉइंग आणि मशीनचे रीडिंग संशोधनाच्या कोणत्याही अहवालात जात नाहीत.

आधीच घेतलेल्या सेन्सरचे शून्य सरकते आहे, म्हणजे दाब नसतानाही तो रीडिंग दाखवतो, असे वाटल्यास अंगावर कोरलेला अनुक्रमांक आणि मशीनजवळचे तापमान कळवा. तो नग कोणत्या दिवशी आणि किती अंशांवर भाजला हे आमच्या रजिस्टरात आहे, त्या पानाचा फोटो तुम्हाला पाठवू.