२५२० ही 'एकमेव' संख्या नाही

"१ ते १० या सगळ्यांनी भाग जाणारी जगात एकच संख्या आहे, २५२०. तिचं गुपित: आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० दिवस × वर्षाचे १२ महिने." आमच्या रत्नागिरीतल्या घरच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

भाग जातो हे खरं. ७ ने ३६०, ८ ने ३१५, ९ ने २८०, बाकी शून्य. चुकतो तो 'एकच' हा शब्द.

पाच डझनाच्या ४२ पेट्या म्हणजे २५२० हापूस. ते ७, ८ किंवा ९ घरांत एकही न उरता वाटले जातात. आता शेजारच्या बागेतून तेवढ्याच पेट्या आणा. पहिली रास पुरती वाटली गेली, दुसरीही जाणार, मग दोन्ही मिळून उरेल काय? म्हणजे ५०४० लाही भाग जातो. तसाच ७५६० ला, १००८० ला. ही यादी संपतच नाही.

२५२० चा खरा मान वेगळा आहे: अशा संख्यांत ती सर्वांत लहान. शाळेतला लसावि तो हाच. ८ साठी तीन २ लागतात, ९ साठी दोन ३, शिवाय ५ आणि ७. ८×९×५×७ = २५२०. ६ आणि १० त्यातच येतात, वेगळं काही घालावं लागत नाही. मला तर हे गुपितापेक्षा सुंदर वाटतं.

कॅलेंडरचं म्हणाल, तर ७, ३० आणि १२ फोडून पाहा: तेच तीन २, दोन ३, एक ५, एक ७. जुळणी योगायोगाची आहे. सगळे महिने ३० दिवसांचे नसतातच.

२५२० ला ११ ने भागून बघा, १ उरतो. १ ते १२ हवे असतील तर २७७२० घ्या.