सिन्नरचा हॉस्पिटल असिस्टंट आणि प्रदर्शनात न दिसलेला जानेवारी 1898

जुन्या नाशकातल्या एका वाड्यात इंग्रजी अमदानीतलं वैद्यक 'चालतं-बोलतं' करून दाखवलंय. पागोटं बांधलेला देवी डॉक्टर बाहुलीच्या दंडावर लस टोचतो, तपासणीची तुकडी बूट वाजवत माडीवर चढते, दवाखान्याच्या खोलीत कार्बोलिकचा वास भरून राहिलेला असतो. भूमिका करणारी मुलं बहुतेक वैद्यकीय शाखेची आहेत, त्यामुळे हाताची पकड अस्सल आहे. पाहून आलेल्या लोकांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला: हे सगळं नाशकात झालं होतं का? काही झालं, काही झालं नाही. आणि जे झालं त्यातलं सगळ्यात मोठं प्रकरण वाड्यात दाखवलेलंच नाही.

देवीच्या लसीचं दालन आधी लागतं, ते भराभर पाहून घ्यावं. हिंदुस्थानात पहिली लस 14 जून 1802 रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. पुढची कित्येक दशकं लस बाटलीतून नाही, दंडातून दंडात गेली. एका मुलाला टोचायचं, आठवडाभरानं फोड भरला की त्यातली लस काढून दुसऱ्याला टोचायची. म्हणजे आईनं टोचून घेतलेलं पोर आठव्या दिवशी पुन्हा घेऊन यायचं आणि त्याचा फोड फोडू द्यायचा. आया यायच्या नाहीत. कोणाच्या अंगातलं कोणाच्या अंगात जाणार, हा प्रश्न जातीचा होता तसाच रोगाचाही होता, कारण लशीबरोबर उपदंशासारखे आजारही जाऊ शकत. पुढे वासरू आलं. त्याच्या पोटाची कातडी भादरून, ओरखडे काढून तिथे लस वाढवायची आणि पाचेक दिवसांनी खरवडून घ्यायची. वासराच्या लशीनं एक अडचण सोडवली आणि दुसरी उभी केली, ती कोणती हे मराठी वाचकाला सांगायला नको.

या दालनात एक गफलत आहे. 1850 च्या सुमाराचा म्हणून जो देवी डॉक्टर उभा केलाय, त्याच्या हातात दोन टोकांची सुई आहे. ती सुई 1960 च्या दशकातली. देवी निर्मूलनाच्या मोहिमेत तिनं कमाल केली, कारण लस थोडी लागे आणि कोणालाही वापरता येई. पण एकोणिसाव्या शतकात ती नव्हती. तेव्हा होता नश्तर. ज्यांच्या दंडावर देवीचे मोठे वण आहेत अशी पन्नाशीपुढची मंडळी त्या सुईकडे पाहून हमखास बाही वर करतात, त्यामुळे आयोजकांना ती काढवत नसावी.

आता प्लेग. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप सुरू झाला आणि माणसं रेल्वेनं देशावर पळाली. नाशिक त्याच लोहमार्गावर. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा वाड्यातल्या भिंतीवर पूर्ण लावलाय, तो वाचून पुढे जावं. दुसरं कलम सरकारला हवे ते नियम करण्याची मुभा देतं. तिसऱ्यात शिक्षा, तीही भारतीय दंड संहितेच्या 188 व्या कलमावर सोडलेली. चौथ्यात, या कायद्याखाली सद्हेतूनं काही करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. बस. घरं झडती घेऊन तपासायची, आजाऱ्याला प्लेग इस्पितळात आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत न्यायचं, रेल्वे स्टेशनावर उतारूंच्या काखा-जांघा चाचपायच्या, प्रेत तपासल्याशिवाय उचलू द्यायचं नाही, हे सगळं त्या दुसऱ्या कलमाच्या पोटातून निघालं.

यानंतर प्रदर्शन सरळ पुण्याला जातं. गोरे शिपाई, देवघरात शिरलेले बूट, 22 जून 1897 ची गणेशखिंडीतली रात्र. प्रवेश जोरकस आहे, टाळ्या पडतात. गणेशखिंड आपल्याला शाळेपासून पाठ आहे आणि पाठ असलेली गोष्ट रंगमंचावर चालते. पण नाशकातल्या प्रदर्शनानं पुण्याचा प्लेग दाखवावा आणि 30 किलोमीटरवरचं सिन्नर सोडावं, हे मला पटलेलं नाही.

जानेवारी 1898. सिन्नरात प्लेगचे नियम लागू होते. गावाबाहेर झोपड्यांची छावणी, तपासणी, सक्तीनं नेणं, सगळं पुण्यासारखंच, फक्त गोरी पलटण नाही. महिनाअखेरीस जमाव उठला. झोपड्या पेटवल्या आणि हॉस्पिटल असिस्टंटला ठार मारलं. बातमी तारेनं विलायतेच्या आणि अमेरिकेच्या वर्तमानपत्रांपर्यंत गेली. आपल्या पाठ्यपुस्तकांपर्यंत मात्र ती आली नाही.

हॉस्पिटल असिस्टंट म्हणजे कोण, हे नीट समजून घेतल्याशिवाय या घटनेचा अर्थ लागत नाही. जिल्ह्याच्या वैद्यकीय उतरंडीत सर्वांत वर सिव्हिल सर्जन, तो बहुधा गोरा. मग असिस्टंट सर्जन, मुंबईच्या मेडिकल कॉलेजातून इंग्रजीत शिकलेला. सगळ्यात खाली हॉस्पिटल असिस्टंट, देशी माणूस, वैद्यकीय शाळेत बराचसा देशी भाषेतून शिकलेला. तालुक्याचा दवाखाना यानं चालवायचा. मलमपट्टी, जुलाबाचं औषध, विंचू-साप, मारामारीतल्या जखमांचे दाखले, संशयित मृत्यूची तपासणी, सगळं त्याच्याकडे. गावात सरकारी वैद्यक म्हणून जे काही पोचलं ते याच्या हातानं पोचलं. पगार तुटपुंजा, बदल्या सतत, आणि वरच्यांच्या लेखी तो डॉक्टर नव्हताच.

प्लेगच्या नियमांनी या माणसाच्या हातात भलतीच सत्ता दिली. काखेतली गाठ प्लेगची की साधी, हे तो सांगणार. प्रेत पाहून 'प्लेग' असा शेरा तो देणार. त्या एका शब्दावर घर रिकामं होई, छपराची कौलं उतरवली जात, अंथरुणं जाळली जात, माणसं छावणीत जात. कालपर्यंत जो पोराच्या कानात औषध घालत होता तो आज घर मोडायला उभा. त्या गाठीची खातरजमा करायला त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. चुका होत असणारच. आणि कलेक्टरची स्वारी अधूनमधून यायची, हा रोज तिथेच असायचा.

प्रवेश लिहिणाऱ्यांची अडचण मला कळते. त्यांनी सांगितलं ते असं, की सिन्नरच्या प्रसंगात बाजू कोणाची घ्यायची तेच ठरेना. पुण्याच्या प्रवेशात अधिकारी गोरा आहे, जुलमी आहे, मारणारे आपले आहेत. प्रेक्षकाला उभं राहायला जागा मिळते. सिन्नरात मारणारे आपले आणि मेलेलाही आपलाच. शिवाय जमाव नुसता अडाणी होता म्हणावं तर त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या: छावणीत सोवळं-ओवळं, स्वयंपाक, बायकांचा आडोसा, मागे राहिलेल्या घरातली चोरी. आणि असिस्टंट सरकारचा हस्तक म्हणावा तर तो रोज रोग्याच्या उशाशी जाणारा एकमेव माणूस. दोन महाविद्यालयांच्या मंडळींत यावर बराच खल झाला आणि शेवटी फलकावर दीड ओळ टाकून विषय मिटवला. त्या दीड ओळीत 'दुर्दैवी घटना' असे शब्द आहेत. दैवाचा संबंध कुठे आला? निर्णय होते, ते घेणारी माणसं होती.

सरकारनंही धडा घेतला, तो मुख्यतः सिन्नर, पुणे आणि त्याच साली मार्चमध्ये मुंबईत झालेल्या दंगलीतून. 1898 नंतर झडत्या आणि सक्तीची छावणी हळूहळू मागे पडली. गावानं आपणहून बाहेर पडायचं, हे धोरण आलं. लोक तसंही तेच करत होते. उंदीर पडायला लागले की माळावर झोपड्या बांधायच्या, हे शहाणपण सरकारी परिपत्रकाआधीचं. गंमत म्हणजे शास्त्रही नंतर त्याच बाजूला आलं. उंदरावरच्या पिसवेनं रोग पसरतो हे 1898 मध्ये कराचीत काम करणाऱ्या एका फ्रेंच डॉक्टरनं मांडलं, तेव्हा फारसं कोणी मानलं नाही. 1905 पासून परळला बसलेल्या प्लेग आयोगानं ते पक्कं केलं. म्हणजे आजारी माणसाच्या घरच्यांना पकडून नेण्यापेक्षा उंदरांचं घर सोडणं अधिक उपयोगी होतं. वाड्यात भिंतींना चुना आणि मोऱ्यांत फिनेल ओतणारा जो प्रवेश आहे, तो या माहितीनंतर वेगळाच दिसतो.

हे झालं तरी माणसं मरतच राहिली. भगूरच्या एका घरात 1899 साली वडील आणि काका दोघंही प्लेगनं गेले. त्या घरातल्या भावंडांनी पुढे काय केलं ते नाशिककरांना ठाऊक आहे.

प्लेगच्या लशीचं दालन मात्र उत्तम. मुंबईत ती बनवणाऱ्या हाफकिन या शास्त्रज्ञानं 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली, हे सगळे सांगतात. इथे त्यापुढचं दाखवलंय: काचेच्या चंबूत मांसाचा रस, वर तरंगणारे तुपाचे थेंब, आणि त्या थेंबांपासून खाली लोंबणारे जंतूंचे धागे. तुपामुळे जंतू भरघोस वाढत. रस बकऱ्याच्या मांसाचा असे. गाय-डुकराची शंका येऊ नये हा त्यामागचा हिशेब. वाढ झाली की ती तापवून जंतू मारायचे आणि टोचायचं. मात्रा मोठी, ताप सणकून यायचा, दंड दोन दिवस उचलता यायचा नाही. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका बाटलीतून टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं दगावली. खापर प्रयोगशाळेवर फुटलं, शास्त्रज्ञाला बाजूला केलं गेलं आणि त्याच्यावरचा ठपका पुसायला 1907 उजाडलं. परळच्या त्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्याचंच नाव देण्यात आलं.

पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, दालन सिंहस्थाच्या तोंडावर जास्त पाहिलं जाईल, म्हणून थोडं. विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी जांभळं करणं हा त्या काळचा सर्रास उपाय, आणि जांभळं पाणी तीर्थाला चालेल का हा त्यावरचा सर्रास वाद. यात्रेकरू म्हणजे रोगाची वाहतूक, ही युरोपातली ठाम समजूत; 1892 मध्ये हरिद्वारची यात्रा सरकारनं पांगवली ती त्याच भीतीनं. ते धाडस सिंहस्थात करणं जड गेलं असतं. आज आपण गोदेच्या पाण्याच्या तपासण्यांवर भांडतो ते भांडण या दालनात ठेवलं असतं तर अधिक जिवंत झालं असतं. देवळालीच्या लष्करी इस्पितळांचा कोपरा दोन छायाचित्रांत आटोपलाय, तो मोठा व्हायला हवा.

वैद्यांचं काय, हा प्रश्न दर फेरीत कोणीतरी विचारतंच. 1912 च्या मुंबई इलाख्याच्या कायद्यानं डॉक्टरांची नोंदवही आली आणि वैद्य-हकीम तिच्याबाहेर राहिले. त्यांचा व्यवसाय बंद केला नाही, पण सरकारदरबारी चालणारे दाखले आणि नोकऱ्या नोंदणीवाल्यांच्या हाती गेल्या. वैद्यांना नोंदणीची वाट उघडली ती 1938 च्या कायद्यानं. आता सगळ्या पॅथ्यांचं मिळून एक विद्यापीठ 1998 पासून नाशकातच आहे.

परत त्या चार कलमांकडे. कायदा स्वातंत्र्यानंतरही रद्द झाला नाही. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रानं तोच लागू केला, आणि 188 व्या कलमाचे गुन्हे नाशकातही नोंदवले गेले. मालेगावात साथ भडकली त्या एप्रिलमध्ये देशभरातून आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या येत होत्या. 22 एप्रिल 2020 ला अध्यादेश निघाला, सप्टेंबरमध्ये संसदेनं त्याला कायद्याचं रूप दिलं. त्यानुसार साथीत काम करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यावर हात उगारला तर तीन महिने ते पाच वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड. इजा गंभीर असेल तर सहा महिने ते सात वर्षं आणि दंड 5 लाखांपर्यंत. मूळ कायद्यानं नियम राबवणाऱ्याला कोर्टापासून वाचवलं होतं, जमावापासून नाही. ती तरतूद यायला सिन्नरनंतर 122 वर्षं गेली. वाड्यातल्या भिंतीवर कायद्याचा 1897 चाच मजकूर आहे, ही दुरुस्ती अजून लावलेली नाही.