मळी कुणाची?

शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठाला आमच्या आण्णांचा ऊस आहे. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ओसरला तेव्हा त्यांच्या रानाच्या खालच्या अंगाला, पात्रातच, एक नवी मळी वर आली होती. काळीभोर, लोण्यासारखी माती, पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत. वाळून भेगा पडल्या तशी आण्णांनी तिच्यात वांगी लावली. मळीतल्या वांग्याची चव नदीकाठच्या माणसाला सांगावी लागत नाही. मग पलीकडच्या काठाचा शेतकरीही हक्क सांगू लागला. त्याचं म्हणणं, नदीची मुख्य धार आता मळीच्या अलीकडून, म्हणजे आमच्या बाजूनं वाहते, तेव्हा मळी त्याची. मोजणीदार आले. आण्णा त्यांना एवढंच म्हणाले, "साहेब, पयली मोजणी झाली तवा नदी कुठनं व्हात हुती, ते आदी सांगा."

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि मळी गेली.

हेच भांडण दोन देशांमध्ये, जवळजवळ याच शब्दांत, चाळीस वर्षं चाललं होतं. सुंदरबनच्या दक्षिणेला, हरियाभांगा नदीच्या मुखापासून जेमतेम दोन किलोमीटरवर समुद्रात एक बेट वर आलं. नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळानं त्या किनाऱ्यावर लाखो माणसं मारली, त्यानंतर ते लोकांच्या नजरेस आलं. १९७४ मध्ये ते अमेरिकी उपग्रहाच्या चित्रातही दिसलं. भारतानं त्याला न्यू मूर म्हटलं, पूर्वाशा असंही एक नाव दिलं. बांगलादेशात ते दक्षिण तालपट्टी. उंची समुद्रसपाटीपासून दोन मीटरपेक्षा जास्त कधी गेली नाही, म्हणजे आपल्याकडच्या उभ्या उसापेक्षाही बुटकं. तिथे माणूस राहत नव्हता, राहू शकतही नव्हता. तरी १९८१ मध्ये भारतीय नौदलाचं जहाज तिथे गेलं, तिरंगा लागला आणि बांगलादेशनं आपल्या गनबोटी पाठवल्या.

भांडणाचं मूळ १९४७ च्या फाळणीत होतं. फाळणीची रेघ आखणारे ब्रिटिश वकील रॅडक्लिफ यांनी ठरवलेली सीमा तिथे नदीच्या मुख्य धारेच्या मध्यातून जाते. भारत म्हणे मुख्य धार बेटाच्या पूर्वेकडून जाते, म्हणून बेट आमचं. बांगलादेश म्हणे ती पश्चिमेकडून जाते, म्हणून आमचं. दोघांकडे नकाशे होते, दोघांकडे खोली मोजल्याचे आकडे होते. अशा मुखाशी भरती-ओहोटी दिवसातून दोनदा गाळ इकडचा तिकडे करते. तिथे आज खोल असलेली धार दहा वर्षांनी उथळ होते आणि शेजारची खोल होते.

पण चिखलाच्या एका ढिगासाठी एवढा आटापिटा का? कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात बेटापेक्षा बेटाभोवतीच्या पाण्याला किंमत आहे. १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार, भरतीच्या वेळीही पाण्यावर राहणारी नैसर्गिक जमीन म्हणजे बेट. त्याच्या भोवती १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी त्या देशाचं. १२ सागरी मैल म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. एखाद्या गुंठ्याएवढ्या एकाकी खडकाभोवती या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर आत जवळपास १,५५० चौरस किलोमीटर येतात, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा पाचवा हिस्सा. आणि तिथे माणसाला वस्ती करून राहता येत असेल तर २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर आणि तळाखालच्या तेल-वायूवर हक्क. ते वर्तुळ होतं सुमारे ४ लाख ३१ हजार चौरस किलोमीटरचं, अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठं. प्रत्यक्षात शेजारी देश जवळ असला की वर्तुळं एकमेकांना कापतात आणि एवढं कुणालाच मिळत नाही. पण आधी आपलं वर्तुळ मांडायला पायाखाली एक टिंब लागतं. जी जमीन फक्त ओहोटीला उघडी पडते तिला स्वतःचं वर्तुळ नाही. म्हणजे दोन मीटरचा चिखल भरतीला बुडतो की उरतो, यावर सगळा हिशेब अडतो.

त्या चिखलाकडे जरा जवळून पाहू. पुराच्या दिवसांत नळाला पाणी नसतं तेव्हा आपल्याकडे घराघरांत गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात. घटकाभरात गाळ खाली बसतो. समुद्राच्या तोंडाशी नेमकं हेच घडतं, फक्त तुरटीचं काम मीठ करतं. मी आण्णांच्या मळीची मूठभर माती घरी आणली होती. काचेच्या दोन ग्लासांत ती पाण्यात कालवली, एकात दीड चमचा मीठ टाकलं आणि दोन्ही खिडकीत ठेवले. मिठाच्या ग्लासात काही मिनिटांतच बारीक ढगांसारखे पुंजके दिसू लागले आणि हळूहळू खाली सरकू लागले. तासाभरानं वरचं पाणी बरंच निवळलं होतं. साध्या पाण्याचा ग्लास मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही चहासारखाच होता.

चिकणमातीचा कण इतका बारीक असतो की एका मिलिमीटरमध्ये पाचशे कण ओळीनं बसतील. अशा कणाला स्थिर पाण्यात दहा सेंटिमीटर खाली यायला सात-आठ तास लागतात. वाहत्या नदीत तर तो टेकतच नाही. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे कण एकमेकांना दूर लोटतात. पाण्यात मीठ आलं की मिठातले धनभारित आयन कणांभोवती गोळा होतात, लोटण्याचा जोर संपतो, कण एकमेकांना चिकटतात. पुंजका दहापट जाड झाला तर शंभरपट वेगानं बसायला हवा. पण तो कापसासारखा पोकळ असल्यानं वेग तेवढा वाढत नाही, तरी एकट्या कणाच्या कितीतरी पट भरतो. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे शंभर कोटी टन गाळ खाली आणतात. त्यातला बारीक भाग खाऱ्या पाण्याला भेटतो, तिथे असाच टेकतो.

टेकणं वेगळं आणि टिकणं वेगळं. ताजा गाळ अर्ध्याहून अधिक पाणीच असतो. त्याला घट्ट व्हायला ऊन लागतं आणि धरून ठेवायला मुळं लागतात. सुंदरबनात नव्या चिखलावर आधी खारं गवत येतं, मग खारफुटी. खारफुटीची वर आलेली मुळं भरतीच्या पाण्याचा वेग मोडतात, तिथे आणखी गाळ साठतो, बेट उंचावतं. हे चक्र सुरू व्हायच्या आत एखादं वादळ आलं, धार वळली, तर जे चढलं तेच उतरतं. त्यात सुंदरबनच्या पश्चिम भागाची एक जुनी अडचण आहे. गेल्या काही शतकांत गंगेचा मुख्य प्रवाह पूर्वेकडे, आजच्या बांगलादेशातल्या पद्मा नदीकडे सरकला. पश्चिमेच्या खाड्यांना वरून येणारं गोडं पाणी आणि ताजा गाळ दोन्ही कमी झाले. खालची गाळाची जमीनही स्वतःच्या ओझ्यानं दबत जाते.

मार्च २०१० मध्ये जादवपूर विद्यापीठाचे सुगत हाजरा यांनी उपग्रहचित्रांवरून सांगितलं की न्यू मूर पूर्ण पाण्याखाली गेलं आहे. हवामानबदलानं भांडण मिटवलं, अशा बातम्या जगभर आल्या. मला ते वाक्य अपुरं वाटतं. समुद्र वर्षाला तीन ते पाच मिलिमीटर चढतो असं धरलं तरी चाळीस वर्षांत बारा ते वीस सेंटिमीटर होतात. चढत्या समुद्रानं हातभार लावला हे खरं, पण धूप, प्रवाह आणि आटलेला गाळ यांना सोडून हे बेट समजत नाही. न्यू मूरवर कुणी राहत नव्हतं. त्याच सुंदरबनातल्या घोडामारा बेटावर माणसं राहतात. त्या बेटाचा निम्म्याहून अधिक भाग समुद्रानं नेला आहे. त्यांच्यासाठी कुणी गनबोटी पाठवल्या नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

बुडालेल्या बेटावरचं भांडण नवं नाही. जुलै १८३१ मध्ये सिसिलीजवळ ज्वालामुखीनं समुद्रातून एक बेट वर आणलं. ब्रिटन, फ्रान्स आणि तिथलं राज्य, तिघांनीही त्यावर हक्क सांगितला. ते सैल राखेचं होतं. लाटांनी सहा महिन्यांत ते धुऊन नेलं.

न्यू मूर गेल्यावरही सागरी सीमेचा खटला चालूच राहिला. हेगच्या लवाद न्यायालयाच्या व्यवस्थेखालचं न्यायाधिकरण २०१३ मध्ये प्रत्यक्ष जागा पाहायला आलं आणि ७ जुलै २०१४ रोजी निकाल लागला. वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला मिळाले. तालपट्टीला सीमा मोजण्याचा आधारबिंदू मानलं गेलं नाही. नदीची आजची धार कुठे आहे, हेही निकालासाठी महत्त्वाचं नव्हतं. रॅडक्लिफनं १९४७ मध्ये रेघ आखली तेव्हा धार नकाशावर कुठे होती, ते पाहिलं गेलं. निकाल वाचताना मला मोजणीदारासमोर उभे असलेले आण्णा दिसले. बेट होतं ती जागा भारताच्या वाट्याला आली. आता तिथे पाणी आहे.

आपल्या पंचगंगेचा गाळही नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळून त्याच बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतो. पण वाटेत आलमट्टी आहे, श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे. धरणांच्या साठलेल्या पाण्यात गाळ मिठावाचूनच बसतो, आणि आंध्रात कृष्णेच्या मुखाशी किनारा काही ठिकाणी मागे सरकतो आहे. आण्णा अजून अधूनमधून विचारतात, आपली मळी कुठवर गेली असेल रं. मी त्यांना सांगतो, बहुतेक आलमट्टीच्या तळाला असेल.