लोफोटेनला जाताना बॅगभर खाणं न्यावं लागतं का?

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर शाकाहारी माणूस उपाशी राहतो आणि इतरांचा खिसा रिकामा होतो, म्हणून सगळं खाणं घरूनच न्यावं, असं आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. रेस्टॉरंटं महाग आहेत, एवढंच त्यातलं खरं.

स्वोल्वेर आणि लेक्नेसला मोठी सुपरमार्केटं आहेत. तांदूळ, भाज्या, डबाबंद कडधान्यं, ब्रेड, चीज, सगळं मिळतं. मुक्कामाला रोरबू घ्या. कोळ्यांच्या या लाकडी घरांपैकी बहुतेकांत स्वयंपाकघर असतं. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. रविवारी मात्र मोठी दुकानं सहसा बंद, तेव्हा शनिवारीच सामान भरा. हे विसरलं की मग पेट्रोल पंपावरचा हॉटडॉग.

आणि उलट, घरून नेलेलंच अंगाशी येऊ शकतं. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेण्यास बंदी आहे. म्हणजे पेढे, पनीर, साजूक तूप घरीच ठेवा. मसाल्याची पुडी पुरे.

मासे खाणाऱ्यांनी तर तिथलंच खावं. फेब्रुवारी ते मे मांडवांवर कॉड मासा वाळत असतो, तोही मिठाशिवाय, नुसत्या थंड वाऱ्यावर. ताजा कॉड मिळतो तो हिवाळ्यात. फिश केक, म्हणजे माशाच्या टिक्क्या, सुपरमार्केटातून आणून तव्यावर परतले की जेवण झालं. शाकाहाऱ्यांनी सूप मागवताना ते माशाच्या पाण्यात शिजवलंय का, हे विचारावंच.

ई-१० रस्ता संपतो त्या ‘ओ’ गावात १८४४ची बेकरी आहे. उन्हाळ्यात गेलात तर तिथला दालचिनी बन चुकवू नका.