तात्या खोटं बोलत नाहीत, पण…

खानापूरजवळच्या एका गावात देवस्थानच्या इनाम जमिनीचा वाद एका मोडी कागदावर येऊन अडलाय. सनद अस्सल की मागाहून रचलेली? साक्षीला नव्वदीला टेकलेले तात्या. "आज्याच्या ट्रंकेत मी बघितलोय की, ह्या डोळ्यांनी! वर शिक्का होता." सभामंडपात लगेच कुजबुज: म्हातारा डोळ्याला डोळा भिडवून बोलतोय, खोटं कसं असेल?

नजरेवरून खोटं ओळखण्यात आपण फार पटाईत नाही. बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली शेकडो प्रयोगांचा हिशेब एकत्र मांडला, तेव्हा लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाला. नाणं उडवलं तरी ५० हाती लागतात. तात्या प्रामाणिक आहेत हे मला मान्यच आहे. पण प्रामाणिक माणसाची आठवणही बदलते, आणि कशी बदलते ते भारी आहे.

आठवण पक्की होताना चेतापेशींमधल्या जोडण्या बळकट होतात आणि त्यासाठी नवी प्रथिनं लागतात. एकदा पक्की झाली की कायमची, असं बरीच वर्षं धरून चालत. २००० साली नेडर, शेफ आणि लडू या मेंदूशास्त्रज्ञांनी उंदरांना एक सूर ऐकवून सोबत विजेचा झटका दिला. उंदीर त्या सुराला घाबरू लागले. दुसऱ्या दिवशी झटका न देता नुसता सूर ऐकवला आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डाला या भीतीशी निगडित भागात ॲनिसोमायसिन सोडलं. हे औषध प्रथिनं बनू देत नाही. पुढच्या वेळी सूर वाजला तेव्हा भीती बरीच ओसरलेली! आता खरी मेख बघा: सूर न ऐकवता तेच औषध दिलेल्या उंदरांची भीती जशीच्या तशी राहिली. म्हणजे जागी केलेली आठवण काही तास ओल्या मातीसारखी मऊ असते, तिला नव्या प्रथिनांनी पुन्हा घट्ट व्हावं लागतं. याला पुनर्दृढीकरण म्हणतात.

उंदराच्या भीतीवरून तात्यांच्या ट्रंकेवर उडी मारणं धाडसाचं, हे खरं. पण माणसांवरचे प्रयोगही आहेत. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. वेग विचारताना काहींना 'धडकल्या' म्हटलं, काहींना त्याहून जहाल शब्द वापरला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? पहिल्यांपैकी १४ टक्के 'हो' म्हणाले, दुसऱ्यांपैकी ३२ टक्के. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

तात्यांनाही कुणीतरी विचारलं होतं, "शिक्का लाल होता की काळा?" शिवाय सनदेचा फोटो व्हॉट्सॲपवर गावभर फिरला, त्यांच्या नातवाच्या मोबाइलवरही.

कुणी म्हणालं, सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा उचलून शपथ घ्यायला लावा. तात्या बेधडक उचलतील, त्यांना ते मनापासून खरं वाटतंय. पेशवाईत खरंखोटं ठरवायला उकळत्या तेलातून रवा, म्हणजे धातूचा तुकडा, हाताने काढायला लावत, त्यातलाच हा प्रकार. लाय डिटेक्टर तरी काय मोजतो? नाडी, श्वास, घाम. भेदरलेला खरा माणूसही त्यात अडकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात संमतीशिवाय अशी चाचणी घ्यायला मनाई केलीय.

त्यापेक्षा फोटो बघण्याआधी तात्या काय म्हणाले होते ते शोधावं, म्हणून मी माझी जुनी वही काढली. पहिल्या भेटीची नोंद: पत्र्याची ट्रंक, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला कागद, कडुनिंबाचा पाला. शिक्क्याचा उल्लेख नाही.

मला मात्र पक्कं आठवत होतं, शिक्क्याचं ते पहिल्याच दिवशी बोलले होते.