टर्बो एस की जीटी-३: पॉवर विरुद्ध आराम हा हिशोबच कसा फसतो

परवा भाचा विचारत होता, मामा, स्पोर्ट्स कार घ्यायची तर इंजिनची पॉवर बघायची का आतले फीचर्स? घ्यायची दोघांनाही नाहीये, त्याची स्कूटर पण अजून ताईच्या नावावर आहे, पण गप्पांना ईएमआय लागत नाही म्हणून तासभर बसलो बोलत. त्याचा हिशोब सरळ होता, पॉवर जास्त म्हणजे आराम कमी आणि आराम जास्त म्हणजे पॉवर कमी. मी म्हटलं एकाच कंपनीच्या, लांबून सारख्याच दिसणाऱ्या दोन गाड्या शेजारी ठेव, मग बघ हे कुठे बसतंय का.

तर जर्मनीच्या पोर्शे कंपनीची ९११ ही स्पोर्ट्स कार. ९९२ पिढीतल्या २०२० ची टर्बो एस आणि २०२१ ची जीटी-३ घेऊया, नंतर दोन्हीच्या पुढच्या आवृत्त्या आल्यात पण मुद्दा तोच राहतो.

टर्बो एस मध्ये ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो (म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंप), ६५० पीएस पॉवर, ८०० एनएम टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, चारही चाकांना ताकद, ताशी ० ते १०० किमी फक्त २.७ सेकंदात. जीटी-३ मध्ये ४ लिटरचं इंजिन, टर्बो नाहीच, ५१० पीएस, ४७० एनएम, ताकद फक्त मागच्या चाकांना, ० ते १०० ऑटोमॅटिकमध्ये ३.४ सेकंद. (पीएस आणि बीएचपी एकच समजू नका हां, ५१० पीएस म्हणजे साधारण ५०३ बीएचपी, युट्यूबवर अर्धी भांडणं यावरूनच होतात.) आता सांगा यातली आरामाची गाडी कुठली? भाच्याच्या हिशोबाने जीटी-३ असायला पाहिजे, पॉवर १४० ने कमी आहे ना. आहे बरोबर उलटं. टर्बो एस मध्ये अठरा प्रकारे हलणाऱ्या इलेक्ट्रिक सीट, मागे दोन छोट्या सीट, आवाज अडवायला भरपूर मटेरियल. जीटी-३ मध्ये मागची सीटच काढून टाकलीय, काचा हलक्या, पुढचं बॉनेट कार्बन फायबरचं, सस्पेन्शन असं कडक की रस्त्यावरचा खडा पण कळतो.

म्हणजे जास्त पॉवरवालीच जास्त आरामाची निघाली.

मग जीटी-३ मध्ये पैसे कशाचे घेतात? इथेच खरी मेख आहे. आरामाची टक्कर पॉवरशी नसतेच, ती असते वजनाशी. टर्बो एस १६४० किलो, जीटी-३ ऑटोमॅटिक १४३५ किलो, फरक २०५ किलोचा, म्हणजे तीन धडधाकट माणसं कायम गाडीत बसवून फिरल्यासारखं. सीटच्या मोटारी, इन्सुलेशन, पुढच्या चाकांना ताकद न्यायचा सगळा पसारा, टर्बो आणि त्यांचे कूलर, सगळं थोडं थोडं करत साठत जातं. सरळ रस्त्यावर हे वजन पॉवरमुळे झाकलं जातं, कारण एका टनामागे हिशोब केला तरी टर्बो एसला जवळपास ३९६ पीएस मिळतात आणि जीटी-३ ला ३५५. पण वळणावर आणि ब्रेक मारताना पॉवर काही मदत करत नाही, तिथे जेवढं वजन तेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता बनून जाणार आणि टायरला तेवढं जास्त धरून ठेवावं लागणार.

जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफवर, म्हणजे त्या २० किलोमीटरच्या डोंगरी ट्रॅकवर, जीटी-३ ने ६ मिनिटं ५९.९ सेकंदात फेरी मारली. टर्बो एसची एका जर्मन मासिकाने घेतलेली वेळ ७ मिनिटं १७ सेकंद. १४० पीएस कमी आणि तरी पंधरा सेकंदांहून जास्त पुढे! अर्थात इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की जीटी-३ ला जवळजवळ रेसिंगचेच म्हणावेत असे टायर होते, मागे मोठा विंग, म्हणजे वेगात गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा पंख आहे, पुढचं सस्पेन्शन रेस कारच्या धर्तीवरचं आहे, आणि दोन्ही वेळा वेगळ्या दिवशीच्या, वेगळ्या ड्रायव्हरच्या. म्हणून एकट्या वजनाला सगळं श्रेय देऊ नका. पण पैसा पॉवर सोडून कुठे कुठे खर्च करता येतो ते यातून दिसतं.

दुसरी गोष्ट, पॉवरचा आकडा किती यापेक्षा ती कुठल्या आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळते हे जास्त बघायचं. टर्बो एसचा ८०० एनएम टॉर्क २५०० पासून ४००० पर्यंत सलग हजर असतो, पाय टेकवला की गाडी निघाली, सिग्नलवरून, ओव्हरटेक करताना, कुठेही. जीटी-३ चे ५१० पीएस मिळतात ८४०० आरपीएमला आणि रेडलाइन, म्हणजे फेऱ्यांची वरची मर्यादा, आहे ९०००. मजा सगळी तिथे वर, आणि तिथवर न्याल तर मुंबई-पुणे एक्सप्रेसवेची १०० ची मर्यादा दुसऱ्याच गिअरमध्ये मोडलेली असेल. म्हणजे जी गाडी 'शुद्ध ड्रायव्हिंगसाठी' म्हणून घ्यायची तिची शुद्धता आपल्या रस्त्यांवर कायद्यात राहून चाखताच येत नाही, ट्रॅकवरच जावं लागतं.

नावांनी तर आणखी घोळ घातलाय. जीटी म्हणजे मुळात ग्रँड टूरिंग, लांबच्या प्रवासाची आरामशीर गाडी, पण जीटी-३ हे त्याच्या एकदम उलट. जीटी-३ टूरिंग नावाची पण एक येते, लोकांना वाटतं ही मऊ असेल, तर नाही, तिचा मोठा विंग तेवढा काढलेला असतो, सस्पेन्शन तेच कडक. आणि 'टर्बो' शब्दाला तर आता काही अर्थच उरला नाही, कारण २०१५ पासून साध्या ९११ करेराला पण टर्बो असतात, आणि टायकान ही पूर्ण इलेक्ट्रिक गाडी, तिच्यात पण टर्बो नावाचं मॉडेल आहे. बॅटरीला कसला आलाय टर्बो!

बरं हे आजचं नाही. १९७३ ची करेरा आरएस २.७ बघा. इंजिन एकच, २१० पीएस, पण गाडी दोन तऱ्हांची. एक लाइटवेट, ९६० किलोची, पातळ पत्रा, पातळ काच, मागची सीट नाही, घड्याळ पण काढलेलं, दार आतून ओढायला हँडलऐवजी पट्टा. दुसरी टूरिंग, नेहमीच्या ९११ सारखी सजवलेली, १०७५ किलो. म्हणजे पॉवर शंभर टक्के सारखी आणि गिऱ्हाइकाला फक्त आराम निवडायचा होता. एकूण १५८० गाड्या बनल्या, त्यात टूरिंग १३०८ आणि लाइटवेट २००, उरलेल्या थोड्या रेससाठीच्या वगैरे. पट्ट्याने दार ओढायला फारसं कुणी तयार नव्हतं तेव्हा. आज मात्र त्याच पट्टेवाल्या गाडीला जास्त भाव येतो, हे वेगळं सांगायला नको.

आणि कधी कधी आरामाची वस्तूच गाडीला जास्त वेगवान करते, हे तर भाच्याला पटतच नव्हतं. गिअरबॉक्स बघ म्हटलं. पीडीके म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, क्लच दाबायची कटकट नाही, ट्रॅफिकमध्ये डावा पाय निवांत, आणि त्याच जीटी-३ ला मॅन्युअल लावला तर ३.४ चे ३.९ सेकंद होतात. २०१३ च्या जीटी-३ मध्ये कंपनीने म्हणूनच फक्त पीडीके दिला. शौकीन लोक भडकले, आम्हाला हळू चालेल पण गिअर आम्हीच टाकणार. मग २०१६ मध्ये फक्त मॅन्युअलवाली ९११ आर आली, ९९१ गाड्या, त्या हातोहात संपल्या, आणि २०१७ च्या जीटी-३ मध्ये मॅन्युअल परत आला. म्हणजे लोकांनी पैसे मोजून वेग आणि आराम दोन्ही सोडलं, का तर हाताला काम पाहिजे.

म्हणून मी तरी ब्रोशर बघताना पीएस शेवटी बघतो. आधी वजन, मग टॉर्क कुठून सुरू होतो, मग टायर कुठले, आणि पुढचं नाक वर उचलायची सोय घेतलीय का, कारण आपल्या सोसायटीचा स्पीडब्रेकर ना टर्बो बघतो ना जीटी. वर्षातून चार-पाच वेळा ट्रॅकवर जाणारा असेल आणि घरात दुसरी गाडी असेल तर जीटी-३. रोज काढायची असेल, पाऊस, ट्रॅफिक, पुणे ते गोवा सगळं तिच्यावरच, तर टर्बो एस, आणि त्यात कमीपणा काही नाही, सरळ रस्त्यावर तीच पुढे जाणार आहे.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, ठीक आहे मामा, पण आजीला जेजुरीला न्यायचं तर बसवायचं कुठे? जीटी-३ मध्ये पुढच्या सीटवर आजी बसेल, मागे ताईला जागाच नाही. टर्बो एसच्या मागच्या सीटवर ताई मावणार नाही, आजीची पिशवी आणि भंडाऱ्याची पुडी मात्र आरामात जाईल.