ईआरसीपी की पीटीबीडी? स्टेंट तोच, रस्ते दोन

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. आयआरच्या, म्हणजे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीच्या कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे. मशीन चालवतो, तारा-कॅथेटर हातात देतो, आणि मधल्या वेळेत बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाईकांच्या प्रश्नांना जमेल तशी उत्तरं देतो. परवा सांगोल्याकडचे एक काका आले, डोळे हळदीसारखे पिवळे, बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, १८, खाजवून खाजवून हातावर ओरखडे, आणि सोबतचा पुतण्या फाईल उघडून मलाच विचारतोय की "एमआरसीपी झाली, ईआरसीपी पण झाली, आता परत पीटीबीडी कशाला, तेच तेच किती वेळा करणार?" त्याचं चुकत नव्हतं हो, तिन्ही नावं कागदावर एकाखाली एक लिहिली की सख्खी भावंडंच वाटतात.

एमआरसीपीचं एका वाक्यात उरकतो, तो फक्त फोटो. एमआरआयच्या मशीनमध्ये झोपायचं, श्वास धरा-सोडा, पित्तनलिकांचं चित्र मिळतं, उपचार शून्य. खरा गोंधळ बाकीच्या दोघींचा आहे कारण दोन्हीत नळीच जाते, दोन्हीत शेवटी "स्टेंट टाकला" असंच डिस्चार्ज कार्डवर येतं, आणि स्टेंट म्हटलं की घरी सगळे छातीवर हात ठेवतात. हार्टचा नाही, पित्ताचा, म्हणजे अडलेली वाट उघडी ठेवणारी बारीक नळी.

आता लिव्हरच्या आतलं चित्र आपल्या घाटावरच्या पाण्यासारखं डोळ्यासमोर आणा. डोंगरात बारीक बारीक झरे, ते मिळून ओढे, उजवीकडचा एक मोठा ओढा आणि डावीकडचा एक, दोघांचा संगम, आणि संगमाच्या खाली एकच नदी जी लहान आतड्याच्या सुरुवातीला जाऊन मिळते. त्या मुखाशी एक बारीक उंचवटा असतो, त्याला पॅपिला म्हणतात. दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त या वाटेने खाली येतं. मधे कुठे खडा अडकला किंवा गाठ आली की पाणी मागे तुंबतं, रक्तात चढतं, डोळे पिवळे, लघवी चहासारखी, संडास पांढरट, आणि खाज अशी की माणूस रात्रभर झोपत नाही. ही ब्लॉकेजची कावीळ, व्हायरसची नाही, म्हणून गळ्यात माळ घालून किंवा मुळी खाऊन ती उतरत नाही. आमच्याकडे येणाऱ्या किती जणांचे दोन-तीन आठवडे त्यातच गेलेले असतात, पण तो विषय काढला तर हे लिखाण इथेच संपेल.

ईआरसीपी म्हणजे नदीच्या मुखापासून उलट वर जाणं. तोंडातून दुर्बीण, अन्ननलिका, जठर, मग आतड्याचं पहिलं वळण. या दुर्बिणीचा कॅमेरा टोकाला नसून बाजूला असतो, कारण पॅपिला आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर असते, सरळ बघणाऱ्याला ती नीट दिसतच नाही. मग त्या भोकातून तार वर सरकवायची, लागलं तर तोंड थोडं कापून मोठं करायचं, खडा असेल तर फुग्याने किंवा जाळीने ओढून काढायचा, गाठ असेल तर स्टेंट. बाहेरून एक टाकाही नाही. सगळं नीट झालं तर पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. पण त्याच दाराशी स्वादुपिंडाची नळीही उघडते, तिला त्रास झाला की स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती कधीकधी जिवावर बेतते. २०१२ मध्ये अमेरिकेत ६०२ पेशंटवर झालेल्या अभ्यासात दिसलं की जास्त धोका असलेल्यांना ईआरसीपीनंतर लगेच इंडोमेथासिनची गोळी गुदद्वारातून दिली तर ही सूज १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर येते. इतकी स्वस्त गोळी, आणि एवढा फरक.

पीटीबीडी म्हणजे उलटा प्रकार, मुखाकडे जायचंच नाही, थेट डोंगरात वरच्या ओढ्यावर बोअर मारायची. हे काम माझ्यासमोर रोज होतं म्हणून जरा तपशीलात सांगतो. पेशंट पाठीवर, उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांच्या मधे किंवा छातीच्या हाडाच्या खाली जागा बधिर करतात, सोनोग्राफीत फुगलेली नलिका बघत केसासारखी बारीक सुई, २२ गेजची, लिव्हरमध्ये जाते. मग थेंब थेंब डाय, म्हणजे एक्स-रेच्या स्क्रीनवर दिसणारं औषध, सोडत बघायचं. डाय रक्तवाहिनीत गेला तर स्क्रीनवर क्षणात धुऊन निघून जातो, दिसला दिसला म्हणेपर्यंत गायब. पित्तनलिकेत गेला तर मात्र काकवीसारखा जागेवर रेंगाळतो आणि हळूहळू फांद्या फुटत झाडासारखा पसरतो. तो रेंगाळला की खोलीतले सगळे श्वास सोडतात, मी धरून. मग सुईतून तार, तारेवरून वाट जरा रुंद करायची, आणि साधारण ८ फ्रेंचची नळी. फ्रेंच म्हणजे माप, एक फ्रेंच म्हणजे मिलीमीटरचा तिसरा भाग, म्हणजे ही नळी पावणेतीन मिलीमीटरच्या आसपास. टोकाला वेटोळं असतं, ते आत अडकून बसतं, दुसरं टोक बाहेर पिशवीत.

हीच ती पिशवी जिला सगळे घाबरतात. पण पिशवी कायमची असेलच असं नाही. तार गाठीतून पलीकडे आतड्यात उतरली तर नळी दोन्हीकडे चालते, मग बाहेरचं तोंड बंद करून पित्त आतल्या आत सोडता येतं, आणि काही दिवसांनी त्याच वाटेने मेटलचा स्टेंट ठेवून नळी काढूनही टाकतात. म्हणजे स्टेंट दोन्ही रस्त्यांनी पडतो, "स्टेंट टाकला" या शब्दावरून कुठली प्रोसिजर झाली ते कळतच नाही. पोटावर चिकटपट्टी आहे का बघा, तेवढं पुरतं. धोके इथे वेगळे, रक्तस्राव, पित्त पोटात गळणं, जंतू रक्तात जाऊन थंडी वाजून ताप येणं, नळी सरकणं, आणि श्वास घेताना बरगडीत टोचत राहणं जे कुणी आधी सांगत नाही. पित्ताशिवाय व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि त्यामुळे रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून आधी आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, बघतात, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देतात. "सुई मारायची तर रक्ततपासणी कशाला" असं म्हणू नका.

गंमत म्हणजे दोघी एकाच साली वयात आल्या. १९७४ मध्ये जपानात कावाई आणि जर्मनीत क्लासेन-डेमलिंग यांनी दुर्बिणीतून पॅपिला कापून दाखवली, त्याच वर्षी जपानच्या चिबा युनिव्हर्सिटीतल्या ओकुदांची बारीक सुई जगासमोर आली (आम्ही अजून तिला चिबा नीडलच म्हणतो), आणि त्याच वर्षी मोलनार आणि स्टॉकम यांनी कातडीतून नळी घालून कावीळ उतरवल्याचं छापलं. तेव्हापासून भांडण चालू आहे, कोण चांगली.

पहिला मोठा निकाल १९८७ चा, लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये, लंडनचा अभ्यास, ऑपरेशन न झेपणारे ७५ पेशंट, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचेच स्टेंट. दुर्बिणीने ८१ टक्के लोकांची कावीळ उतरली, बरगडीतून ६१, आणि ३० दिवसांत दगावलेले १५ टक्के विरुद्ध ३३. विषय संपला असं वाटून ईआरसीपी पुढे गेली. मग २००२ मध्ये बार्सिलोनाच्या अभ्यासात नेमकं उलटं, कातडीतून मेटलचा स्टेंट विरुद्ध दुर्बिणीतून प्लास्टिकचा, तर कातडीवाला जास्त यशस्वी, ७१ टक्के विरुद्ध ४२. पण ही कुस्ती समान वजनाची नाही हे कुणाच्याही लक्षात येईल. प्लास्टिकची नळी तीन-साडेतीन मिलीमीटरची, दोन-तीन महिन्यांत गाळाने भरते, मेटलची जाळी उघडली की दहा मिलीमीटर. कोण जिंकलं, रस्ता की स्टेंट?

मला जास्त विचार करायला लावतात ते पुढचे दोन. २००८ मध्ये दिल्लीच्या एम्सने पित्ताशयाच्या कॅन्सरच्या पेशंटवर तुलना केली, हा कॅन्सर उत्तर भारतात गंगेच्या पट्ट्यात फार, आणि तो वर संगमाशी चढून नळी दाबतो. पीटीबीडीत ८९ टक्के लोकांना नीट ड्रेनेज, म्हणजे पित्ताचा निचरा, मिळालं, दुर्बिणीत ४१, आणि नलिकेला इन्फेक्शन दुर्बिणीवाल्यांत ४८ टक्के, पीटीबीडीत ११. कारण समजायला सोपं आहे, संगमाशीच अडलं की डावा-उजवा ओढा वेगळे पडतात, खालून गेलेली तार एकाच फांदीत शिरते, पण डाय दोन्हीकडे पसरतो, आणि जी फांदी रिकामी होत नाही तिथे तुंबलेल्या पित्तात इन्फेक्शन होतं. वरून मात्र तुम्ही ठरवून हव्या त्या फांदीत उतरता.

आणि मग २०१८ मध्ये नेदरलँड्सचा अभ्यास, आजार तसाच वरचा, संगमाजवळचा पित्तनलिकेचा कॅन्सर. दुर्बिणीच्या बाजूला २७ पैकी ३ दगावले, पीटीबीडीच्या बाजूला २७ पैकी ११, आणि अभ्यास मधेच थांबवावा लागला. दिल्लीत पीटीबीडी चांगली, हॉलंडमध्ये वाईट, मग खरं कोण? माझ्या मते दोन्ही, कारण प्रश्नच वेगळा होता. दिल्लीच्या पेशंटचं ऑपरेशन होणार नव्हतं, त्यांची खाज थांबवून उरलेले दिवस बरे जावेत एवढाच हेतू. हॉलंडचे पेशंट लिव्हर कापायच्या मोठ्या ऑपरेशनसाठी तयार केले जात होते, आणि मोजलेले मृत्यू फक्त नळीनंतरचे नव्हते, ऑपरेशननंतरचेही त्यात होते. शिवाय बार्सिलोना ५४ पेशंट, दिल्ली ५४, हॉलंड ५४, योगायोग बघा, तिन्ही जागी तेवढीच माणसं. एवढ्याशा आकड्यावर पाच-सात माणसं इकडची तिकडे झाली की निकाल डळमळतो. कुणी यातला एकच पेपर नाचवून "सिद्ध झालंय" म्हणाला तर मी तरी मान हलवून गप्प बसतो.

आणि कधीकधी दोन्ही नको हेही उत्तर असतं. २०१० मध्ये हॉलंडमध्येच स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कॅन्सरचे २०२ पेशंट घेतले, अर्ध्यांना आधी स्टेंट मग ऑपरेशन, अर्ध्यांना थेट ऑपरेशन. गंभीर त्रास स्टेंटवाल्यांत ७४ टक्के, थेटवाल्यांत ३९. अर्थात त्यांची कावीळ मध्यम होती, १८ वाल्या काकांना ते लागू नाही.

म्हणून पुतण्याला मी एवढंच विचारलं, अडलंय कुठे, खाली की वर? खाली, नदीच्या मुखाजवळ, खडा किंवा स्वादुपिंडाची गाठ, तर बहुतेक ठिकाणी आधी ईआरसीपीच, आणि माझ्या घरचं माणूस असतं तर मीही तेच म्हणालो असतो. वर संगमाशी, किंवा आधीच्या ऑपरेशनमध्ये आतड्याची जोडणी बदललेली, दुर्बीण पोचतच नाही, किंवा ईआरसीपी करून बघितली आणि तार गेली नाही, तर आमच्या खोलीत. काकांच्या बाबतीत हे शेवटचं कारण होतं. आणि दोघी सवती नाहीत, वरून तार टाकायची आणि खाली दुर्बिणीने पकडायची असंही करतात, त्याला राँदेव्हू म्हणतात, दोन्ही टीम एका खोलीत आणि तारेची दोन टोकं दोघांच्या हातात. अलीकडे सोनोग्राफीची दुर्बीण जठरातून थेट नलिकेत भोक पाडून स्टेंट ठेवते हा तिसरा रस्ताही आलाय, पण तो सगळीकडे होत नाही.

काकांची नळी बसली, पहिल्याच दिवशी पिशवीत ६०० मिली, गडद, जवळपास हिरवं. चौथ्या दिवशी खाज कमी झाली म्हणून घरी गेले. आठवड्याने रात्री दहाला पुतण्याचा फोन, "पिशवीत सकाळपासून थेंब नाही." थंडी-ताप नाही ना हे आधी विचारलं, कारण तो असता तर फोनवर बोलत न बसता गाडी काढायला सांगितली असती. नव्हता. मग नळी कुठे मुडपली आहे का, कातडीशी टाके जागेवर आहेत का, ते ठीक. म्हटलं नळीवर तीन तोंडांचा प्लास्टिकचा कॉक आहे ना, त्यावर ऑफ लिहिलेली दांडी कुठल्या बाजूला आहे सांग. "पिशवीकडे." दांडी ज्या बाजूला ती बाजू बंद. सकाळी गावातल्या कंपाउंडरने सलाईनने नळी फ्लश केली आणि कॉक परत फिरवायचा राहिला. फिरव म्हटलं, आणि फोन चालूच ठेव. थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज, मग मागून काकूंचा आवाज आला, "आलं गं बाई, पिवळं आलं."